अंथरूण, पाय आणि ग्राफिक्स कार्ड

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे लहानपणापासून ऐकत आलोय, पण कमी पैशात गेमिंग पीसी जुळवायला बसलं की सगळं उलटं होतं. पाय आधीच पसरून झालेले असतात, म्हणजे कुठले गेम खेळायचे ते ठरलेलं असतं, आणि मग त्याच अंथरुणाचं पांघरूण करून इकडे ओढ तिकडे ओढ चालू. ग्राफिक्स कार्डावर घेतलं की पॉवर सप्लाय उघडा पडतो, प्रोसेसरवर घेतलं की एसएसडी कुडकुडायला लागते.

त्यात माझा एक मित्र आहे, त्याला एकच वाक्य येतं, "अरे अजून थोडेच टाक, त्याच्या वरचं येतंय." आणि त्रास हा की तो दरवेळी बरोबर असतो. चार कोअरचा आय३ १२१००एफ हा प्रोसेसर बघत होतो, तर थोडेच टाकून सहा कोअरचा रायझन ५ ५६०० येतो, मग प्रोसेसर एवढा चांगला घेतोयस तर कार्ड पण तसंच हवं, कार्ड तसं घेतलं तर कॅबिनेटमधली हवा पुरत नाही, असं करत करत रात्री दीड वाजता मी ज्या यादीकडे बघत असतो ती ठरवलेल्या पैशांच्या दीडपट झालेली असते आणि त्यातल्या कुठल्याही एका वस्तूवर बोट ठेवून "ही उधळपट्टी" असं म्हणता येत नाही. हा जिना चढताना दम लागत नाही, वर पोचून खिसा चाचपला की लागतो.

जिना थांबला तो मॉनिटरमुळे. यादीत मॉनिटर नव्हताच, कारण "तो आहे की घरी". एकदा सहज सेटिंग उघडून बघितलं, १०८०पी, ६० हर्ट्झ. म्हणजे हा बाबा सेकंदाला ६० चित्रं दाखवणार, दर १६.७ मिलिसेकंदाला एक, मग आत बसलेलं कार्ड १४० काढू दे नाहीतर २००. (फ्रेम जास्त निघाले की इनपुट लॅग, म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा उशीर, थोडा कमी होतो, मान्य, पण माझा नेम ज्या दर्जाचा आहे त्यात लॅगला दोष देणं म्हणजे अन्याय आहे.) आणि १०८०पी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल, १४४०पीला ते ३६.९ लाख होतात, फोरकेला ८३ लाख. मी ज्या कार्डांचे रिव्ह्यू बघून लाळ गाळत होतो ती सगळी ८३ लाखवाल्यांसाठी होती. सुरुवात खरं तर पडद्यापासून करून मागे मागे जायला हवं होतं, पण पडदा जुना, आणि जुन्या वस्तूच्या विचाराने रात्री कोण जागतंय.

मग आरएक्स ६६०० या कार्डावर थांबलो, ८ जीबी मेमरी, १३२ वॅट. मधेच मोह झाला होता ६५०० एक्सटीचा, त्याच घराण्यातलं, स्वस्त, आणि नावात एक्सटी म्हणजे ऐकायला भारदस्त. पण मेमरी ४ जीबी आणि पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या रस्त्याच्या, लेन फक्त ४. मेमरी भरली की उरलेला डेटा त्या अरुंद बोळातून ये-जा करणार, आणि बोर्ड जुन्या पीसीआयई ३ चा असेल तर बोळ अजून निम्मा. म्हणजे कार्ड काढलं कमी पैसेवाल्यासाठी, पण ते नीट पळायला बोर्ड नवा पाहिजे. धन्य.

सेकंडहँडचाही विचार केला. सप्टेंबर २०२२ मधे इथेरियम या क्रिप्टो चलनाने पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डावर त्याचं मायनिंग, म्हणजे गणितं सोडवून ते चलन कमावणं, एका फटक्यात बंद झालं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली कार्डं विकायला निघाली. लोक त्यांना फार घाबरतात. मला वाटतं पंखे आणि वाळलेली थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) एवढं बघून घेतलं तर त्यात घाबरण्यासारखं फारसं नाही. पण मी जे बघायला गेलो त्याचा मालक "चालू आहे, चालू आहे" एवढंच म्हणत होता आणि चालू काही करून दाखवत नव्हता. परत आलो.

आता पॉवर सप्लाय. ही वस्तू कोणी कोणाला दाखवत नाही, फोटोत येत नाही, हिच्यामुळे एक फ्रेम वाढत नाही, म्हणून पांघरूण ओढलं जातं ते नेहमी हिच्याच अंगावरून. मीही ओढलं होतं. हिशोब सोपा वाटला, कार्ड १३२, प्रोसेसर ताणला तर ७६, बोर्ड, रॅम, पंखे, ड्राइव्ह मिळून ५० धरले तर २५८, मग "५०० वॅट" छापलेला स्वस्तातला डबा का नको? तर त्या डब्याचं लेबल वाचलं. कार्ड आणि प्रोसेसर दोघं मुख्यतः १२ व्होल्टवर जगतात, २५८ भागिले १२ म्हणजे साडेएकवीस अँपिअर, आणि डब्यावर १२ व्होल्टसमोर बारीक अक्षरात लिहिलं होतं १८. बाकीचे वॅट कुठे गेले ते छापणाऱ्यालाच ठाऊक. शिवाय कार्ड मधूनच क्षणभर ठरल्यापेक्षा जास्त ओढतं ते वेगळंच. ८० प्लसचा शिक्का असला तरी तो फक्त वीज किती वाया जाते तेवढं सांगतो, उद्या काही बिघडलं तर हा एकटा जाईल की सगळ्यांना घेऊन जाईल हे नाही सांगत. शेवटी चांगल्यातला ५५० वॅटचा घेतला, आणि "थोडेच टाक" हे वाक्य त्या दिवशी मित्राआधी मी म्हणालो.

मदरबोर्डला फार वेळ दिला नाही. एएम४ सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, २०१६ चं, ५६०० आला २०२२ ला, बसतो त्याच भोकांत, फक्त बोर्डाच्या बायोसला, म्हणजे त्याच्या आतल्या मूळ प्रोग्रामला, तो ओळखीचा पाहिजे. बोर्डाच्या खोक्यावर तसं लिहिलेलं बघितलं आणि घेतला.

जोडून चालू केला तर पंखे फिरले, दिवे लागले, पडद्यावर अंधार. अर्धा तास रॅम काढ, रॅम घाल, कार्ड दाब, देवाचं नाव घे. केबल मी मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावली होती आणि ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नसतंच. हे मित्राला अजून सांगितलेलं नाही.

रॅमचं मात्र सांगावं लागलं. थोडेच जास्त टाकून ३२०० च्या वेगाची घेतली होती, ८-८ च्या दोन पट्ट्या, नियमाप्रमाणे दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमधे, सगळं व्यवस्थित, फक्त बायोसमधे एक्सएमपी, म्हणजे रॅमला पूर्ण वेगाने पळवणारी सेटिंग, चालू करायचं राहून गेलं, आणि ती बिचारी पाच महिने २१३३ वर चालत होती आणि मी पाच महिने "काय मस्त स्पीड आहे" म्हणत होतो. मित्राच्या लक्षात आलं, त्याने शिव्या घातल्या, मी चालू केलं, ३२०० झाली. गेम लावला. तोच गेम, तोच नेम, मॉनिटर ६० च दाखवतोय. लगेच त्याचा फोन, "काय, पडला का फरक?"

म्हटलं, जमीन अस्मानाचा.