तीव्र ल्युकेमियाची सुरुवातीची लक्षणे

तीव्र ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग काही आठवड्यांतच बळावतो, आणि त्याची सुरुवातीची लक्षणे इतकी साधी असतात की ती अनेकदा अंगावर काढली जातात, याची मला मनापासून काळजी वाटते. अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आत रक्तपेशी तयार करणाऱ्या मऊ गरात, ब्लास्ट या अपरिपक्व पेशींची गर्दी झाली की निरोगी रक्तपेशी पुरेशा तयार होत नाहीत. त्यामुळे चेहरा फिका पडतो, जिना चढताना धाप लागते आणि ताप पुन्हा पुन्हा येतो. रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट साधारणपणे दर मायक्रोलिटर रक्तात १.५ ते ४.५ लाख असतात. त्या फार उतरल्या की मार न लागताही अंगावर काळे-निळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते आणि पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात, जे बोटाने दाबले तरी फिके पडत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात प्लेटलेट उतरल्या की पहिला संशय डेंग्यूवर जातो, आणि तो रास्तही असतो. परंतु ताप गेल्यावरही आकडे सावरले नाहीत, तर सीबीसीसोबत (रक्तपेशींच्या मोजणीसोबत) रक्ताच्या स्मिअरची तपासणी, म्हणजे काचपट्टीवर पसरलेल्या रक्तातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, डॉक्टरांकडे आग्रहाने मागावी, असे माझे मत आहे. हाडे दुखतात म्हणून लहान मूल लंगडू लागले, तरीही हीच तपासणी करावी. या आजारात पांढऱ्या पेशींची एकूण संख्या वाढलेली असेलच असे नाही, म्हणून केवळ त्या आकड्यावर विसंबू नये.