जुन्या गिगच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार का हरवते

शनिवार, रात्री उशिरा

मुंबईच्या मेटल बँडच्या जुन्या गिगची, म्हणजे लाइव्ह कार्यक्रमांची, रेकॉर्डिंग ऐकायला बसलं की आधी हिरमोडच होतो. गळा आणि बास ड्रम अगदी कानाशी, आणि गिटार कुठेतरी शेजारच्या बिल्डिंगमध्ये. आज विशीत असलेल्या कुणी ते ऐकून ‘एवढंच होतं का?’ असं विचारलं तर त्याचं काही चुकत नाही. पण एवढंच नव्हतं. त्या खोल्यांमध्ये रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, छातीवर आदळायचा, आणि तो टेपवर का उतरला नाही याचं कारण साधं आहे.

अंधेरीच्या बी69 क्लबसारख्या छोट्या जागेत ड्रम आणि गिटारचे अँप स्वतःच्या जोरावर खोली भरून टाकतात. मग साउंडवाला मिक्सरमध्ये घेतो ते फक्त गळे, बास ड्रम, फार तर बास गिटार. रेकॉर्डिंग त्याच मिक्सरच्या लाईनवरून काढलेलं. म्हणजे खोलीत जो सगळ्यात मोठा वाजत होता, तोच टेपवर सगळ्यात बारीक. भयानक मौतसारख्या दोन गायकांच्या बँडचं तर अशा टेपवर निव्वळ गुरगुरणं उरतं. त्यातून मुठीत माईकची जाळी गच्च धरायची सगळ्यांनाच सवय. माईकच्या मागच्या फटी झाकल्या की तो सगळ्या दिशांचं ऐकायला लागतो, शब्द गढूळ होतात आणि मॉनिटर, म्हणजे गायकाकडे तोंड केलेला स्पीकर, शिट्टी मारतो. ती शिट्टी मात्र टेपवर शाबूत असते!

हँडीकॅमवर काढलेल्याचं दुखणं उलटं. तिथे गिटार असते, पण खर्ज नसतो. ड्रॉप सी ट्यूनिंगमध्ये, म्हणजे तारा नेहमीपेक्षा खाली उतरवल्यावर, जाड तार साधारण 65 हर्ट्झवर बोलते, आणि कॅमेऱ्याचा इवलासा माईक तिथवर नीट पोचत नाही. शिवाय कॅमेरा आवाजाची पातळी आपणहून खालीवर करतो. डबल पेडल (दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवणं) सुरू झालं की बाकी सगळं दबतं, थांबलं की उसळून वर येतं. मिनिटाला 180 मात्रांच्या लयीत सोळाव्या मात्रा, म्हणजे एका मात्रेत चार, वाजवल्या की सेकंदाला 12 ठोके. कॅमेऱ्याला सावरायला सवडच मिळत नाही.

दोन्ही रेकॉर्डिंग हाती असतील तर त्या रात्रीचा आवाज बराचसा परत उभा करता येतो, आणि तो करायलाच हवा. पाया कॅमेऱ्याचा ठेवावा, कारण खोली त्यात आहे. मिक्सरची लाईन त्याच्याखाली 8-10 डेसिबल कमी ठेवून मिसळावी, शब्द आणि बास ड्रमच्या ठोक्याच्या धारेपुरती. आवाजाला एक मीटर जायला सुमारे 3 मिलिसेकंद लागतात. कॅमेरा स्टेजपासून 12 मीटरवर असेल तर लाईन 35 मिलिसेकंद मागे सरकवावी लागते, नाहीतर स्नेअर ड्रमचा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. गाण्याआधी ड्रमर काड्या आपटून मोजतो, ती टकटक जुळवायला सगळ्यात सोपी. संपूर्ण सेट एकदाच जुळवून भागत नाही. दोन यंत्रांची घड्याळं किंचित वेगळी चालतात, तासाभरात फरक कानाला कळतो; म्हणून प्रत्येक गाणं वेगळं जुळवायचं. जिथे आवाज फाटलाय तिथे फार झटू नये. छाटली गेलेली लहर पुरती परत येत नाही.

रंगभवनची गोष्ट निराळी. धोबी तलावचं ते उघडं नाट्यगृह, 1986 पासून बरीच वर्षं इंडिपेंडन्स रॉक या रॉक महोत्सवाचं घर. वर छप्पर नाही, म्हणून खर्ज घुमत न राहता मोकळा निघून जायचा आणि जलद डबल पेडलचा ठोका न् ठोका सुटा ऐकू यायचा. बंद खोलीत तो स्पष्टपणा मिळवायला बास ड्रममध्ये उशी कोंबून पेडलला कडक बीटर (ठोका मारणारा गोळा) लावावा लागतो. पण शेजारी झेवियर्स कॉलेज, हाकेच्या अंतरावर कामा हॉस्पिटल. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे अशा ठिकाणांभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र, दिवसा मर्यादा 50 डेसिबल. एकटा ड्रमसेट स्पीकरशिवायच 100 च्या पुढे जातो, म्हणून तिथले कार्यक्रम बंद पडले. नियम गैर नव्हता, पण त्या तोडीची उघडी जागा शहराने पुन्हा दिली नाही, हे खुपतंच.

ज्यांच्या कपाटात हँडीकॅमच्या मिनीडीव्ही कॅसेट पडून आहेत त्यांनी त्या आधी खिडकीतून उजेडात बघाव्यात. फितीच्या कडेला पांढरी पूड दिसली तर ती बुरशी; तशी कॅसेट चालवली तर प्लेयरचं हेड खराब होतं आणि पुढची चांगली कॅसेटही नासते. ती वेगळ्या डबीत ठेवून जाणकाराकडे द्यावी. स्वच्छ असलेल्या एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून मग फायरवायर केबलने कॉम्प्युटरवर उतरवाव्यात. 60 मिनिटांच्या टेपला 60 मिनिटंच लागतात, घाई चालत नाही.

आणि उतरवताना दोन बँडमधली दहा मिनिटं कापू नयेत. ड्रमसेट सगळ्यांचा एकच, पण स्नेअर, झांजा आणि पेडल ज्याचं त्याचं; ते बदलताना चावीने स्क्रू आवळल्याचे आवाज येतात. बास ड्रम पुढे सरकू नये म्हणून कुणीतरी वीट मागतो. गिटारवाला तार उतरवून ट्यून करतो, मागून कुणीतरी पुढच्या गाण्याची फर्माईश ओरडतो. सेटलिस्ट कुठेच लिहिलेली नसली, तर कोणत्या रात्री काय वाजलं हे त्या ओरडण्यावरूनच ठरवता येतं.