क्रामनिकचा घोडा

आज दुपारी लेकीसोबत पटावर एक जुना डाव मांडला. ऑक्टोबर 2002, बहारीन. रशियाचा बुद्धिबळपटू व्लादिमीर क्रामनिक विरुद्ध बुद्धिबळ खेळणारा संगणक-प्रोग्राम डीप फ्रिट्झ, आठ डावांच्या सामन्यातला सहावा डाव. क्रामनिक 3-2 असा पुढे होता. संगणकाला कसं हरवायचं हे त्याला सापडलंही होतं: वजीर लवकर मारामारीत काढायचे आणि शांत, रटाळ वाटणाऱ्या पटावर हळूहळू गळा आवळायचा. दुसरा आणि तिसरा डाव त्याने असाच जिंकला.

आणि इथे, एकोणिसाव्या खेळीला, त्याने राजासमोरच्या प्याद्यावर घोडा दिला!

"बाबा, पुढे होता ना, मग घोडा कशाला दिला?"

मी बराच वेळ पटाकडे बघत बसलो. समोरचा थकत नाही, घाबरत नाही, आकडेमोडीत चुकत नाही, हे क्रामनिकला माहीत होतंच. पण डोळ्यांसमोर इतका देखणा हल्ला दिसत असताना हात आखडता घेणं त्याला जमलं नसावं. मला तरी असंच वाटतं, आणि त्यासाठीच तो मला फार आवडतो.

फ्रिट्झने शांतपणे बचाव केला. डाव गेला, सामना 4-4 सुटला.

लेक म्हणाली, "परत मांड. मी काळ्याकडून बघते."