पत्र सात: तीन वर्षांची मुलगी नव्हे, तेवीस वर्षांचा तरुण

वेल्सहून अमेरिकेला गेलेली जुनी वेल्श पत्रं आपण उकलतो आहोत. मागच्या नोंदीत त्यांतल्या पत्र सातमधला मृत्यू तीन वर्षांच्या मुलीचा म्हणून मांडला होता. तो निष्कर्ष मागे घ्यावा लागतोय. वारला तो तेवीस वर्षांचा तरुण होता. त्या नोंदीवरून कुणी आपल्या माणसांच्या आणि शेतांच्या तक्त्यात बदल केले असतील तर ते आधी पुसा. (वेल्श शब्द नेहमीप्रमाणे उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. वाद अक्षराचाच असेल तिथे रोमन अक्षराचं नाव दिलं आहे.)

गोंधळ झाला तो ‘बी वारू … अन् दाइर ब्लुइद’ इथे. ‘वारली, तीन वर्षांची’ असा अर्थ लावला आणि ओळ तिथेच संपली. पुढच्या ओळीचा आरंभ उभ्या लिखाणाखाली गाडला गेलेला. ब्रिटनमध्ये १० जानेवारी १८४० पासून एका पेनीत पत्र जाऊ लागलं, पण स्क्रॅन्टनसारख्या अमेरिकेतल्या खाणगावांना पत्र पाठवणं महागच राहिलं. म्हणून पान भरलं की कागद काटकोनात फिरवून त्याच ओळींवर पुन्हा लिहीत. वाचणाऱ्याला दोन लिखाणांचं जाळं उकलावं लागतं.

उकलायची पद्धत अशी. पत्र ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन करा आणि टिफमध्ये ठेवा, जेपेगमध्ये नको. गिंप या चित्र-संपादनाच्या प्रोग्राममध्ये रंग वेगळे करून फक्त निळा चॅनेल घ्या. तपकिरी पडलेली लोहशाई निळा प्रकाश शोषते, त्यामुळे अक्षर गडद दिसतं. कागद फार पिवळा पडला असेल तर तोही काळवंडतो, मग हिरव्या चॅनेलवर या. दुप्पट आकाराच्या दोन प्रती छापा. एकीवर फक्त आडव्या ओळी लाल पेन्सिलीने गिरवा, दुसरी फिरवून फक्त उभ्या ओळी निळ्या पेन्सिलीने. एकाच प्रतीवर दोन्ही गिरवायला गेलं की डोळा ओळखीच्या अक्षराकडे ओढला जातो आणि दुसऱ्या ओळीतला दांडा चोरून या ओळीत बसवतो. इथे नेमकं तेच घडलं होतं. उभ्या ओळीतला एक लांब दांडा ‘एच’वर बसल्यामुळे तो शब्द उभ्या ओळीचा समजून सोडून दिला होता. मूळ कागदावर बाजूने, अगदी कमी कोनातून विजेरी धरल्यावर टाकाची खाच दिसली आणि दांडा वेगळा झाला. खाली उरलं ‘आर हिगाइन ऑइद’.

म्हणजे पूर्ण शब्दसमूह ‘दाइर ब्लुइद आर हिगाइन ऑइद’. तीन वर्षं, वर वीस, वयाची. जुनी वेल्श मोजणी विसांवर चालते, जशी आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांची ‘तीन विसा साठ’ चालायची. आपल्या तेवीसमध्येही आधी तीन येतात आणि मग वीस. फरक एवढाच की वेल्शमध्ये मोजलेली वस्तू मधोमध घुसते: तीन, मग ‘वर्षं’, मग ‘वर वीस’. ओळ नेमकी त्या फटीत तुटली की वयातली वीस वर्षं गळून पडतात. म्हणून वय, किंमत, मैल, काहीही असो, संख्येजवळ ओळ संपत असेल तर पुढच्या ओळीत ‘आर’ (वर) किंवा ‘आ’ (आणि) आहे का ते पाहिल्याशिवाय आकडा टिपू नका. अठरा म्हणजे ‘देइनाउ’, दोन नऊ. एकोणीस म्हणजे ‘पेदुआर आर बम्थेग’, पंधरावर चार. सत्तर म्हणजे ‘देग आ थ्रिगाइन’, दहा आणि साठ.

मग ‘मुलगी’ कुठून आली? ‘ताइर’ हे तीनचं स्त्रीलिंगी रूप आहे (‘अन्’नंतर त्याचं ‘दाइर’ होतं) म्हणून. पण ते लिंग ‘ब्लुइद’ या शब्दाचं, वारलेल्या माणसाचं नव्हे. माणसाचं लिंग दोन ओळी खाली मिळालं: ‘गदाइ वाम’, आईसोबत पुरलं. ‘त्याचा’ आणि ‘तिचा’ या दोन्हींना वेल्शमध्ये एकच ‘एइ’ (इथे जोडून ‘आइ’), फरक पडतो तो पुढच्या शब्दाच्या पहिल्या अक्षरात. त्याची आई ‘एइ वाम’, तिची आई ‘एइ माम’. त्याचे वडील ‘एइ दाद’, तिचे ‘एइ थाद’. आपलं सामान्यरूप शब्दाच्या शेवटी बदलतं, पुणे पुण्यात होतं. यांचं तोंडाशी बदलतं. लिहिणारा हे बदल पाळतो का ते आधी तपासा, कारण कमी शिकलेले लोक ते गाळतही. पत्र सातमध्ये असे अकरा प्रसंग आहेत आणि दहा ठिकाणी बदल बरोबर आहे, तेव्हा ‘वाम’वर भरवसा ठेवायला हरकत नाही.

याच नियमाने एक छोटं पण गोड काम झालं. तक्त्यात पांत-ग्लास, बांत-ग्लास आणि म्हांत-ग्लास अशी तीन शेतं होती. ‘ओ’ म्हणजे ‘-हून’ लागलं की पी-चा बी होतो, आणि ‘मध्ये’ म्हणताना ‘अम् म्हांत-ग्लास’ होतं. शेत एकच, पांत-ग्लास! या नावाची शेतं वेल्सभर आहेत, त्यामुळे नेमकं कोणतं हे दशमांश नकाशांवरच (चर्चच्या दशमांश करासाठी काढलेले जुने नकाशे) ठरेल. अॅबरिस्टविथच्या वेल्श राष्ट्रीय ग्रंथालयाने ते फुकट खुले केले आहेत, शेतांच्या नावांसकट.

अवजारांबद्दल थोडं. जीपीसी, म्हणजे वेल्स विद्यापीठाचा मोठा शब्दकोश, याला तोड नाही, पण तिथे शब्द मूळ रूपाखाली लावलेले असतात. ‘दाइर’ऐवजी ‘ताइर’ शोधा. छापील कोश वापरत असाल तर डबल-एल, डबल-डी, सी-एच ही स्वतंत्र अक्षरं आहेत आणि एन-जी हे जी-नंतर येतं हे विसरू नका. (मेघालयातल्या खासी भाषेच्या वर्णमालेतही एन-जी जी-नंतरच आहे. ती रोमन लिपीत बसवणारे मिशनरी १८४१ मध्ये वेल्समधूनच आले होते.) यंत्रभाषांतर या पत्रांवर वापरूच नये असं माझं ठाम मत आहे. न कळलेल्या शब्दाच्या जागी ते गुळगुळीत वाक्य बसवतं आणि चूक झाकली जाते. प्लॅस्टिक पाकिटं घेताना पॉलिएस्टरचीच घ्या. पीव्हीसीची स्वस्त पडतात, पण शाई त्यांना चिकटते.

इथवर लिहून पुढचा बेत ‘मार्चच्या तिमाहीतला मृत्युदाखला मागवणे’ असा टाकणार होतो, कारण पत्रावर ‘माउर्थ ९’ आहे. पण पान दोन पुन्हा समोर घेतलं आणि बेत बदलला. तिथे ‘ल्लाद’ आहे. मागे त्याचा अर्थ ‘ठार होणे’ घेऊन अपघाताचा तर्क केला होता. गिरवलेल्या प्रतीवर त्याच्यापुढे ‘ग्वाइर’ स्वच्छ दिसतंय. ‘ल्लाद ग्वाइर’ म्हणजे गवत कापणं! अपघात कुणाचाच झालेला नाही, शेतावर गवताची कापणी चालू आहे. आणि मार्चमध्ये वेल्समध्ये कुणी गवत कापत नाही.

‘माउर्थ’ म्हणजे मार्च, आणि ‘माउर्थ’ म्हणजे मंगळवारही. तेव्हा हे पत्र कुठल्यातरी उन्हाळी महिन्याच्या नऊ तारखेचं, मंगळवारचं आहे. वर्षाचा शेवटचा आकडा फाटलाय, ‘१८६’ एवढंच उरलंय. १८६० ते १८६९ मध्ये जून ते ऑगस्टमधली नऊ तारीख मंगळवारी आली ती पाचदा: जुलै १८६१, जून १८६३, ऑगस्ट १८६४, जुलै १८६७ आणि जून १८६८. आता जनगणना. ७ एप्रिल १८६१ च्या जनगणनेत पांत-ग्लासवर सतरा वर्षांचा मुलगा आहे. आईचं नाव नाही, वडील विधुर. नंतर तो सापडत नव्हता म्हणून त्याला ‘स्थलांतरित’ खात्यात टाकला होता. एप्रिल १८६१ ला सतरा पूर्ण असेल तर १८६४ पर्यंत तो एकवीसच्या पुढे जात नाही, आणि जून १८६८ ला चोवीस पूर्ण झालेला असतो. पाचांपैकी तेवीस बसतं ते फक्त ९ जुलै १८६७ ला.

त्यामुळे मार्चची तिमाही रद्द. मृत्यूंचा निर्देशांक (सरकारी नोंदींची तिमाहीवार सूची) नोंदणीच्या तारखेवर लागतो, मृत्यूच्या नव्हे, म्हणून १८६७ ची जूनला आणि सप्टेंबरला संपणारी अशा दोन्ही तिमाह्या पाहायच्या. पाहायच्या त्या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या स्वतःच्या निर्देशांकात. त्यात १८३७ पासून वय दिलेलं आहे, जुन्या छापील निर्देशांकात ते १८६६ पासूनच मिळतं. सोबत राष्ट्रीय ग्रंथालयाच्या वृत्तपत्र संग्रहात अॅबरडेअरच्या ‘अ ग्व्लादगार्वर’चे मे ते जुलै १८६७ चे अंक. तिथे वय बहुधा आकड्यात छापतात, म्हणून शोध ‘२३ म्लुइद’ (‘ब्लुइद’चंच बदललेलं रूप) असा टाकायचा, आणि शेताचं नाव तिन्ही रूपांत.