तुम्ही विचारलेत म्हणून : अठरा ते एकवीस

"मॅडम, आमच्या गावची तरुण मुले ग्रामसभेला फिरकत नाहीत. त्यांना आणायचे कसे?" हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी विचारला जातो. विचारणारे कधी शेजारच्या गावचे सरपंच असतात, कधी ग्रामसेवक, तर कधी एखाद्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहणारे प्राध्यापक. मी अमळनेर तालुक्यात सत्तावीस वर्षे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर गेली आठ वर्षे बोरी नदीच्या काठच्या आमच्या गावात दर रविवारी संध्याकाळी काही मुलामुलींबरोबर वाचनालयात बसून ग्रामपंचायतीचे कागद वाचते. एवढ्यावरून हा प्रश्न माझ्याकडे येतो. आजवर मी त्याचे उत्तर उभ्या उभ्या, एस.टी.ची वाट पाहता पाहता देत आले. आता ते एकदा नीट लिहून ठेवते.

माझ्या मते ज्या मुलाच्या हातात गावाचे एखादे ठरावीक काम आहे, त्या कामाची वही आहे आणि त्या वहीबद्दल चारचौघांत उत्तर देण्याची जबाबदारी आहे, तो मुलगा ग्रामसभेला येतो, कारण न येऊन त्याचे भागत नाही. केवळ खुर्च्या भरण्यासाठी बोलावलेला मुलगा येत नाही, आणि त्यासाठी मी त्याला दोष देत नाही.

कायद्याने मतदानाचे वय १९८९ मध्ये एकवीसवरून अठरावर आणले. १९९३ पासून लागू झालेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतीला घटनेत स्थान मिळाले आणि पंचायतीची निवडणूक लढवण्याचे किमान वय एकवीस ठरले. म्हणजे गावाच्या मतदार यादीत नाव असलेली अठरा वर्षांची मुलगी ग्रामसभेची पूर्ण सदस्य असते. ती प्रश्न विचारू शकते, ठराव मांडू शकते, हात वर करून मत देऊ शकते. मात्र ग्रामपंचायत सदस्य होण्यासाठी तिला आणखी तीन वर्षे थांबावे लागते. या तीन वर्षांचे आपण काय करतो, हा माझ्या दृष्टीने या विषयाचा गाभा आहे. सुतार, लोहार, कुंभार यांच्या घरात असा काळ वाया जाऊ देत नाहीत. त्या वयात मुलगा थोरांच्या शेजारी बसतो आणि हत्यार धरायला शिकतो. गावकारभारात मात्र आपण ती वर्षे मोकळी सोडतो आणि मग एकविसाव्या वर्षी एखाद्याला राखीव जागेसाठी घाईघाईने अर्ज भरायला लावतो.

ग्रामसभा त्या वयाच्या डोळ्यांनी पाहून घ्यावी. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. सभेच्या दिवशी एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक जमले नाहीत, तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट उरत नाही. आमच्या गावात कित्येक वर्षे हेच घडत होते: पहिली सभा कोरमअभावी तहकूब होई आणि दुसऱ्या सभेला पारावरचे पंधरा-वीस जण गावाचे वर्षभराचे निर्णय घेत. मी पहिल्यांदा चार मुलांना घेऊन गेले, तेव्हा त्यांतल्या एकाने रस्त्याच्या कामाविषयी प्रश्न विचारला. समोरून उत्तराऐवजी प्रश्नच आला, "तू कोना आंडोर शे?" म्हणजे तू कोणाचा मुलगा? बापाचे नाव सांगितल्यावर सगळ्यांना तो कोणत्या गल्लीचा आणि कोणत्या गटाचा हे समजले, आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्याची गरज कोणाला वाटली नाही. तो मुलगा पुन्हा सभेला आला नाही. मी त्याला समजावायला गेले, तेव्हा त्याने मला एकच वाक्य ऐकवले: "बाई, तठे आमले कोन इचारस?"

त्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला, आणि त्यातून पाण्याची वही सुरू झाली.

आमच्या गावाला त्या वर्षी चौथ्या दिवशी नळाला पाणी येत असे. शेवटच्या गल्लीतल्या बायका म्हणत की आम्हाला पाणी कमी मिळते; टाकीजवळचे लोक म्हणत की सगळ्यांना सारखेच मिळते. हा वाद प्रत्येक सभेत होई आणि आवाज मोठा असणाऱ्याच्या बाजूने संपे. रविवारच्या बैठकीतल्या सहा जणांनी, ज्यांत दोन मुली होत्या, ठरवले की आपण कोणाची बाजू न घेता फक्त मोजायचे. त्यांनी गावाचा नकाशा हाताने काढला, त्यावर कोणता व्हॉल्व्ह कोणत्या गल्लीचा हे पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारून लिहिले, आणि सहा आठवडे प्रत्येक गल्लीत पाणी किती वाजता आले, किती वाजता गेले आणि एक हंडा भरायला किती वेळ लागला, याची नोंद केली. पहाटे साडेचारला पाणी येणाऱ्या गल्लीची नोंद करायला एकोणीस वर्षांची एक मुलगी तिच्या आजीला सोबत घेऊन जात असे. सहा आठवड्यांनी वही बोलू लागली. पाणी सुटण्याचा वेळ सगळीकडे जवळपास सारखा होता, पण शेवटच्या गल्लीत दाब इतका कमी होता की तोच हंडा भरायला तिथे दुप्पट वेळ लागत होता. म्हणजे दोन्ही बाजूंचे लोक खरे बोलत होते. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला आजवर विनाकारण बोल लावला गेला होता, हेही त्या वहीने दाखवून दिले, आणि त्या मुलांबद्दल गावात पहिला चांगला शब्द त्यानेच काढला.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हे मांडायचे ठरले, आणि तिथे माझ्या हातून चूक झाली. शिक्षकाच्या सवयीने मी त्या मुलीला भाषण लिहून दिले, पाठ करून घेतले, उच्चार सुधारले. सभेत उभी राहिल्यावर ती दुसऱ्या वाक्याला अडली आणि खाली बसली. तिच्या डोळ्यांतले पाणी मी आजही विसरलेले नाही. मग शेवटच्या गल्लीतल्या एका आजींनी तिच्या हातातली वही मागितली आणि म्हणाल्या, "आमच्या गल्लीचे पान दाखव." ती मुलगी जागेवरूनच, आपल्या अहिराणीत, पान पान वाचू लागली, आणि सभेत कोणी मध्ये बोलले नाही. त्या दिवसापासून मी कोणालाही भाषण लिहून दिलेले नाही. ज्याने मोजले आहे त्याने आपल्या बोलीत सांगावे. कार्यशाळांमधून नेतृत्वगुण, सभाधीटपणा यांवर जो भर दिला जातो तो मला त्यामुळेच दुय्यम वाटतो.

पुढच्या आराखड्यात शेवटच्या गल्लीसाठी वेगळी जलवाहिनी टाकण्याचा विषय घेतला गेला. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील साठ टक्के रक्कम बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच खर्च करण्याची होती. हे त्या मुलांना ग्रामपंचायतीच्या आराखड्यातून आधीच माहीत झाले होते, म्हणून "पैसा कुठून आणायचा" या प्रश्नापुढे ती गप्प बसली नाहीत. काम व्हायला दीड वर्ष लागले. या दीड वर्षाचेही मला मोल वाटते, कारण अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा, मोजमाप हे शब्द त्यांनी पुस्तकातून पाठ न करता वाट पाहत पाहत समजून घेतले.

ही रीत मी शोधून काढलेली नाही. माझे आजोळ साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी आहे, आणि तिथे फड पद्धत होती. काही शतके चालत आलेल्या या पद्धतीत नदीवर बंधारा, त्यातून निघणारा पाट आणि पाटाखालचे थळ, म्हणजे त्या पाण्यावर भिजणारी जमीन, ही शेतकऱ्यांची सामाईक व्यवस्था असे. थळाचे तीन-चार फड पाडत आणि एका फडात एका वर्षी एकच पीक घेत. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असल्यामुळे पाणी कमी असलेल्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवला तरी ती झळ सगळ्यांमध्ये वाटली जाई. पाणी फिरवायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार अशी माणसे नेमलेली असत आणि वर्षाच्या सभेत त्यांच्या कामाचा हिशेब होई. माझे मामा सांगत की पंधरा-सोळा वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना पाटकऱ्याबरोबर रात्रीच्या पाळीला धाडले. कोणाच्या शेताची बारी कधी संपते, बांध फुटला तर आधी कोणाला उठवायचे, भांडण लागले तर कोणाचा शब्द चालतो, हे सारे त्यांना त्या रात्रींत कळले. पुढे ते बंधाऱ्याच्या पंचांमध्ये बसले, तेव्हा त्यांना निराळे प्रशिक्षण लागले नाही. धरणे आणि विहिरी आल्यावर अनेक ठिकाणचे फड मोडले. पाण्याची सोय बदलली हे समजण्यासारखे आहे, पण त्याबरोबर तरुणाला कारभार शिकवणारी एक शाळाही बंद पडली, याची नोंद कोणी घेतली नाही.

खानदेशाने तरुणांवर विश्वास टाकल्याचे दाखले पुष्कळ आहेत. १९३६ च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन यावल तालुक्यातल्या फैजपूरला भरले, तेव्हा खेड्यापाड्यांतले तरुण स्वयंसेवक म्हणून राबले होते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला शिरीषकुमार गोळीला सामोरा गेला, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. दरवर्षी त्याला अभिवादन करताना मला वाटते की ज्या वयाच्या मुलाच्या हाती आपण झेंडा शोभून दिसला असे म्हणतो, त्याहून मोठ्या मुलाच्या हाती पाणीपट्टीची वही द्यायला आपण कचरू नये. आणि जवळचे उदाहरण हवे असेल तर साक्री तालुक्यातले बारीपाडा आहे. एम.कॉम. झालेले चैत्राम पवार नोकरीसाठी बाहेर न जाता तरुणपणीच पाड्यावर राहिले, लोकांनी एकत्र बसून जंगलाचे नियम आणि दंड ठरवले, आणि उजाड डोंगर पुन्हा झाडांनी भरला. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची सुरुवात राखणीच्या पाळ्या लावण्यासारख्या साध्या कामापासून झाली, हे मी मुलांना आवर्जून सांगते.

आता ज्या गोष्टीचे मला खरोखर भय वाटते ती सांगते. तिसऱ्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि आमच्या नऊ जणांच्या गटातले चौघे दोन निरनिराळ्या पॅनलांच्या प्रचाराला गेले. त्यांच्याकडे गल्लीगल्लीची माहिती होती, त्यामुळे दोन्हीकडे त्यांना मान मिळाला. निवडणूक संपल्यावर मात्र ते एकमेकांशी बोलेनासे झाले आणि आमच्या रविवारच्या बैठका चार महिने बंद राहिल्या. राजकारणापासून मुलांना दूर ठेवावे असे मी म्हणत नाही. पॅनल करणे, निवडणूक लढवणे, हरणे हा लोकशाहीचाच भाग आहे. परंतु ज्याला आधी गावाचे काम ठाऊक नाही, त्याला प्रचाराची गाडी आणि रात्रीची जेवणे हेच राजकारण वाटू लागते. पुन्हा बसायला लागलो तेव्हा मुलांनीच नियम केला की वही कोणत्याही पॅनलच्या बैठकीत न्यायची नाही, ती वाचनालयातच राहील, आणि ज्याला पाहायची असेल त्याने तिथे येऊन पाहावी. हा नियम मला सुचला नव्हता.

मुलींविषयी थोडे अधिक बोलायला हवे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत आणि ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूदही आहे. तरी वीस-बाविसाव्या वर्षी लग्न होऊन मुलगी दुसऱ्या गावी जाते आणि तिने शिकलेला कारभार माहेरी राहतो. "मग तिला शिकवून काय उपयोग?" असे मला एका जाणत्या आप्पांनी विचारले होते. पहाटे नोंद करणारी ती मुलगी आज चोपडा तालुक्यातल्या सासरी आहे. लग्नानंतर आठच महिन्यांत तिने मतदार यादीत नाव हलवून घेतले आणि तिथल्या महिला सभेत अंगणवाडीच्या शौचालयाचा विषय मांडला. एका गावाने शिकवलेली मुलगी दुसऱ्या गावाच्या कामी आली, एवढे उत्तर मी त्या आप्पांना दिले, आणि त्यांनी ते मानले.

धडगाव-अक्कलकुव्याकडचे कार्यकर्ते विचारतात तेव्हा मी सांगते की तुमच्याकडे आमच्याहून मोठी साधने आहेत. आदिवासी भागांतल्या पंचायतींसाठी असलेल्या पेसा कायद्यामुळे पाड्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते, आणि आदिवासी घटक कार्यक्रमातील पाच टक्के अबंध, म्हणजे एकाच कामाला न बांधलेला, निधी पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो. त्या हिशेबाची वही लिहिणारा तरुण पाड्यातलाच असावा. शहरांबद्दल मला फारसे सांगता येत नाही. कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे शहरातल्या एकेका भागातील मतदारांच्या सभेची, तरतूद आहे, पण जळगाव-धुळ्याला राहणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकालाही तिचे बोलावणे आलेले नाही.

सुरत, नाशिक, पुण्याला कामाला गेलेल्या मुलांचे काय, असेही विचारतात. त्यांची अनुपस्थिती मी गृहीत धरते. पोलीस भरतीची तयारी करणारी, कापसाच्या हंगामात जिनिंगवर जाणारी, गावात राहिलेली जी मुले आहेत त्यांच्यातूनच पाच-सहा जण पुरतात. गटात शंभर जण असावेत असे मला कधी वाटले नाही.

तेव्हा तुमच्या गावी सुरुवात करायची असेल तर मेळावा घेऊ नका. मागच्या वर्षीच्या चार ग्रामसभांच्या तारखा आणि त्यांतल्या तहकूब किती, एवढे ग्रामपंचायतीकडे मागा. नंतर गावात ज्या एका गोष्टीवरून प्रत्येक सभेत तेच भांडण होते ती निवडा आणि अठरा ते एकवीस वयाच्या पाच जणांना ती मोजायला सांगा. सतरा वर्षांचा कोणी मागे लागला तर त्यालाही घ्या; मतदार नोंदणीचा सहा नंबरचा अर्ज आता त्या वयातही आगाऊ भरता येतो. आमच्याकडे सध्या पाण्याची वही ज्याच्याकडे आहे, त्याने तो अर्ज गेल्या महिन्यात भरला. त्याचा वडील भाऊ म्हणजे पहिल्या सभेत प्रश्न विचारून परत न आलेला तोच मुलगा. तो आता रविवारी धाकट्याला सोडायला वाचनालयाच्या दारापर्यंत येतो.