राजासॉरस गेममध्ये पाठवताना : माझा अनुभव

ज्यांना एखाद्या सर्व्हायव्हल गेमसाठी, म्हणजे प्राणी पाळून तग धरायच्या व्हिडिओ गेमसाठी, स्वतःचा डायनासोर पाठवायचाय, त्यांनी आधी फॉर्म उघडून शेवटपर्यंत वाचावा आणि मगच पेन्सिल हातात घ्यावी. मी ज्या गेमला पाठवला तिथे खेळाडूच प्राणी सुचवतात आणि निवडलेले प्राणी पुढे खेळात येतात. गेमचं नाव इथे लिहीत नाही.

प्राणी कोणता, हा प्रश्न मला पडलाच नाही. बडोद्याहून दोन-अडीच तासांत बालासिनोरजवळच्या रैयोलीला पोचता येतं. १९८० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी तिथून हाडं काढली आणि २००३ मध्ये त्यांना राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव मिळालं. साधारण ६.७ कोटी वर्षांपूर्वीचा मांसाहारी. डोक्यावर मधोमध एकच बुटकं शिंग, मागचे पाय दणकट. चित्रं भराभर झाली.

अडलं ते फॉर्ममधल्या एका चौकोनात. ‘हा प्राणी पाळल्यावर खेळाडूला असा कोणता उपयोग होतो, जो दुसऱ्या प्राण्याचा होत नाही?’ मी शिकार, शिंगाची धडक, रात्रीचा पहारा असं सगळं लिहिलं. बरीच वाट पाहिल्यावर एका ओळीचा मेल आला : सध्याच्या प्राण्याशी फार साम्य. कुठल्या प्राण्याशी, कशात, काही नाही. त्या पत्त्यावर उत्तर पाठवायचीही सोय नव्हती.

त्या गेममध्ये कार्नोटॉरस आधीपासून आहे, म्हणजे रोख त्याच्याकडेच असणार. दोघं एकाच कुळातले, हे खरं. पण कार्नोटॉरस अर्जेंटिनाचा आणि त्याला डोळ्यांवर दोन शिंगं. मी दोन्ही कवट्या शेजारी शेजारी काढून, बाण दाखवून पुन्हा पाठवलं. तीच ओळ परत आली, शब्दसुद्धा तेच. राग ह्याचा येतो की प्रत्येक वेळी फॉर्म कोरा उघडायचा. आधी भरलेलं काही राहत नाही, सगळी चित्रं नव्याने चढवायची, आणि मध्ये जेवायला उठलात तर पान ‘वेळ संपली’ म्हणून मोकळं. माणसाने इतकं मन लावून काम केलंय, तर तपासणाऱ्याने ‘दिसणं ठीक आहे, उपयोग बदला’ एवढं लिहायला काय हरकत होती? ते कळलं असतं तर मी शिंगांवर महिनोन्महिने घासत बसले नसते.

गाडी पुढे सरकली ती फाइन आर्ट्सच्या माझ्या गुजराती मैत्रिणीमुळे. कमाटी बागेत बसून तिने सगळी चित्रं पाहिली आणि विचारलं, “मस्त छे, पण आ करे शुं?” म्हणजे, मस्त आहे, पण हा करतो काय?

घरी येऊन मी हाडं बाजूला ठेवली आणि रैयोलीच्या अंड्यांकडे वळले. तिथे लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांची अंडी सापडली आहेत. गुजरातमध्येच ढोली डुंगरीला तर अशा घरट्यात अंड्याला वेटोळं घातलेला सापही मिळाला. सनाजेह इंडिकस, सुमारे साडेतीन मीटर लांब, २०१० मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. मग माझा राजासॉरस ठरला : घरट्यांच्या माळावर फिरणारा, मातीत पुरलेली अंडी वासाने शोधणारा. हा वास माझ्या कल्पनेतला, पण माळ खरा आहे. खेळात अंड्यांपासून प्राणी माणसाळवायचं खाणं बनतं, त्यामुळे अंडी शोधून देणारा प्राणी प्रत्येकाला हवाच असतो. त्याला पाळायची रीतही बदलली. गुंगीचे बाण मारून बेशुद्ध करायचं नाही. घरट्यावर आलेला साप मारायचा, तो त्याच्यासमोर टाकायचा आणि हळूच मागे सरायचं. घाई केली की हल्ला.

मुख्यतः तो चौकोन बदलून फॉर्म पाठवला आणि प्राणी निवडीच्या यादीत गेला. मेल वाचून मी दांडिया बाजारातल्या घरात सगळ्यांना हाका मारल्या.

हो, चौकोनातला मजकूर आधी दुसरीकडे लिहून ठेवा, मग चिकटवा. खोगिराचं चित्र बाजूने आणि वरून, दोन्हीकडून द्या; बसणाऱ्याचे पाय कुठे येतात ते दिसलं पाहिजे. आणि राजासॉरसच्या हातांची हाडं मिळालेली नाहीत, तेव्हा कुळातल्या इतरांसारखे तोकडेच काढा, लांब हात दिलेत तर जाणकार लगेच बोट ठेवतात. काळ्या सावलीसारखं नुसतं बाह्यरेषेचं चित्रही जोडा. माझ्या दुसऱ्या फेरीत ते नव्हतं, शेवटच्या फेरीत होतं, आणि शेपटीचा जाडपणा त्यातच नीट कळतो.