पहिलं आरसी विमान: कोणतं घ्यावं आणि कसं उडवावं

पहिलं आरसी, म्हणजे रेडिओच्या रिमोटवर चालणारं, विमान निवडताना बहुतेकांचं मन लढाऊ विमानाच्या एखाद्या देखण्या मॉडेलवर जडतं. ते कितीही आवडलं तरी पहिलं म्हणून घेऊ नका. पहिल्या विमानात दोन गोष्टी बघायच्या: ते हळू उडतं का, आणि आपटलं तर घरच्या घरी दुरुस्त होतं का. वेग, कसरती, रंगरूप हे सगळं नंतर.

विमान किती हळू उडेल हे पंखांवर किती भार पडतो त्यावर ठरतं, आणि तो हिशेब खोक्यावरच्या आकड्यांवरून कुणालाही करता येतो. समजा, पंखाची लांबी १.४ मीटर आणि रुंदी २० सेंटिमीटर आहे. क्षेत्रफळ झालं २८ चौरस डेसिमीटर. बॅटरीसकट वजन ९०० ग्रॅम असेल तर दर चौरस डेसिमीटरला ३२ ग्रॅम पडले. असं विमान ताशी साधारण २५ किलोमीटरपर्यंत वेग उतरला तरी तरंगत राहतं. हाच भार दुप्पट केला तर किमान वेग सुमारे १.४ पट होतो, म्हणजे ३५ च्या घरात जातो, आणि नवशिक्याला विचार करायला जी दोन क्षणांची उसंत लागते ती संपते. भार ४० ग्रॅमच्या आत ठेवा.

पंख धडाच्या वर बसवलेला असावा आणि दोन्ही टोकं थोडी वर उचललेली असावीत. अशा पंखाचं विमान एका बाजूला कललं की त्या बाजूला घसरू लागतं, खाली गेलेल्या पंखाला जास्त उचल मिळते आणि रिमोटची दांडी (स्टिक) सोडल्यावर ते हळूहळू स्वतःच सरळ होतं. पंखाची लांबी १ ते १.४ मीटर बरी. त्याहून लहान विमान वाऱ्यात भिरभिरतं आणि शंभर मीटरवर गेलं की त्याचं तोंड कुठे आहे ते कळत नाही. साहित्य ईपीओ किंवा ईपीपी, म्हणजे थर्मोकोलहून चिवट फोम. साध्या थर्मोकोलचे दाणे सुटतात. ईपीओवरचे पोचे मात्र गरम पाणी ओतलं की बरेचसे भरून येतात.

मोटर मागे, पंखाच्या वर असेल तर विमान नाकावर पडलं तरी प्रॉप (मोटरवरचं फिरणारं पातं) आणि मोटर बहुधा वाचतात. मल्टिप्लेक्स कंपनीचं ईझीस्टार विमान याच ठेवणीमुळे नावाजलं गेलं. या ठेवणीत दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. हातानं सोडताना प्रॉप बोटांच्या मागे असतो, म्हणून मनगट त्याच्या वाटेत येऊ देऊ नका. दुसरं म्हणजे मोटर वर असल्यानं थ्रॉटल (मोटरचा जोर) एकदम वाढवला की नाक खाली जातं. चाकांची हौस मैदान बघून करा. गवतात लहान चाकं अडकतात आणि विमान उलटतं. तिथे पोटावर उतरणारं विमानच सोयीचं.

तीन चॅनलचं घ्यावं की चारचं? (चॅनल म्हणजे रिमोटवरून चालवता येणारी एक गोष्ट.) शेजारी जाणता माणूस उभा राहणार असेल तर चार चॅनल, म्हणजे एलेरॉनसकट (पंखाच्या मागच्या कडेच्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्या). एकट्यानं शिकायचं असेल तर रडर (शेपटाची उभी पट्टी, डावं-उजवं वळवते), एलेव्हेटर (शेपटाची आडवी पट्टी, नाक वर-खाली करते) आणि थ्रॉटल एवढ्यावर चालणारं विमान जास्त क्षमाशील असतं. हल्ली बऱ्याच विमानांत जायरो (विमान आपोआप सावरणारा सेन्सर) येतो. तो जरूर घ्या, पण जायरो चुकलेला तोल भरून काढत नाही आणि जोराच्या वाऱ्यात विमान परत आणून देत नाही.

ट्रान्समीटरवर, म्हणजे हातातल्या रिमोटवर, मात्र हात आखडता घेऊ नका. विमानं बदलत जातात, ट्रान्समीटर वर्षानुवर्षं टिकतो. किमान सहा चॅनल, अनेक मॉडेलची मेमरी आणि फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर थांबवणारी सोय) हवं. २.४ गिगाहर्ट्झ लिहिलेलं असलं म्हणून कुठलाही रिसीव्हर (विमानातला सिग्नल घेणारा भाग) कुठल्याही ट्रान्समीटरशी बोलत नाही. दोघांचा प्रोटोकॉल, म्हणजे सिग्नलची भाषा, एकच लागतो. स्टिकच्या मांडणीला मोड म्हणतात: मोड-२ मध्ये थ्रॉटल आणि रडर डाव्या हातात असतात, मोड-१ मध्ये थ्रॉटल उजव्या हातात. ज्यांच्याकडून शिकणार त्यांचा जो मोड, तोच घ्या. आणि खऱ्या विमानाआधी काही तास सिम्युलेटरवर घालवा. पिकासिम फुकट मिळतं आणि शिकण्यापुरतं पुरेसं आहे.

शिकाऊ विमानाला किलोमागे १५० ते २०० वॅट पुरतात. ९०० ग्रॅमचं विमान तीन सेलच्या बॅटरीवर १५ अँपिअर ओढत असेल तर ११.१ गुणिले १५, म्हणजे १६६ वॅट झाले. नेमके हवे तेवढे. यासाठी ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा विजेचा भाग) निवांत चालतो. मोठा प्रॉप लावून जोर वाढवायचा मोह टाळा, कारण प्रॉपचा व्यास थोडा वाढला तरी करंट बराच वाढतो आणि आधी ईएससी जळतो. रिसीव्हर आणि सर्वोंना (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरना) वीज बहुतेक वेळा त्याच ईएससीतून मिळते, त्यामुळे तो हवेत असताना जळला की सगळा ताबाच गेला.

लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचे आकडे पाठ असू द्या: पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट, ठेवणीतला ३.८, आणि विमान उतरल्यानंतर शांत असताना ३.५ च्या खाली नको. २२०० एमएएचची बॅटरी २.२ अँपिअरवर, बॅलन्स लीड (सगळे सेल सारखे भरले जावेत म्हणून असलेली बारीक वायर) जोडूनच चार्ज करा. ती फरशीवर किंवा लोखंडी डब्यात ठेवा आणि चार्जिंग संपेपर्यंत तिथून हलू नका. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावायची नाही.

आता तोल. पहिल्याच उड्डाणात मोडलेल्या विमानांपैकी कितीतरी जमिनीवर असतानाच बिघडलेली असतात, ती इथे. माहितीपुस्तिकेत सीजीची (गुरुत्वमध्याची) जागा दिलेली असते. नसेल तर सरळ पंखासाठी पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर धरा. २० सेंटिमीटर रुंदीला ५ ते ६ सेंटिमीटर. पंखाखाली दोन्ही बाजूंना पेननं खूण करा, बॅटरी जागेवर बसवा, झाकण लावा आणि त्या खुणांवर एकेक बोट टेकवून विमान उचला. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. शेपूट खाली गेलं तर बॅटरी पुढे सरकवा. जागा संपली तरच नाकात वजन घाला. नाकाला जड विमान जरा आळशी उडतं, लांबवर उतरतं, पण हातात राहतं. शेपटाला जड विमान एलेव्हेटरच्या जराशा हालचालीवर उसळतं, वेग हरवतं आणि कोसळतं. तोल जमला की बॅटरीची जागा रेघ मारून पक्की करा आणि तिला पट्ट्यानं घट्ट बांधा. हवेत सरकलेली बॅटरी म्हणजे पुन्हा बिघडलेला तोल.

त्यानंतर विमानाच्या मागे उभं राहून दिशा तपासा. स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर, डावा खाली. स्टिक स्वतःकडे ओढली की एलेव्हेटर वर. रडर उजवीकडे दिला की उजवीकडे. जायरो असेल तर विमान हातात धरून उजवा पंख खाली झुकवा: उजवा एलेरॉन खाली गेला पाहिजे. वर गेला तर जायरो उलटा लागलाय, आणि तो विमान सावरण्याऐवजी उलथवून टाकेल. प्रॉपवरचे आकडे उड्डाणाच्या दिशेला, म्हणजे पुढे असावेत. मागे मोटर असली तरी हेच लागू. एक्स्पो (स्टिक मध्याजवळ असताना हालचाल सौम्य करणारी सेटिंग) ३० टक्के ठेवा, पण काही कंपन्यांच्या ट्रान्समीटरमध्ये तो अधिक चिन्हानं द्यायचा असतो आणि काहींत उण्या, तेव्हा पडद्यावरचा आलेख मधोमध सपाट होतोय ना हे पाहा. प्रॉप काढून फेलसेफही तपासा: मोटर चालू असताना ट्रान्समीटर बंद केला की मोटर थांबली पाहिजे.

मैदान मोकळं, झाडं-तारा-माणसं नसलेलं आणि विमानतळापासून दूर हवं. अनेक देशांत मॉडेलची किंवा चालकाची नोंदणी लागते आणि १२० मीटर उंचीची मर्यादा असते. आपल्याकडचा नियम आधी वाचा. वारा ताशी १० किलोमीटरच्या आत हवा. पहाट किंवा संध्याकाळ त्यासाठी उत्तम. ट्रान्समीटर आधी चालू, बॅटरी नंतर; बंद करताना याच्या उलट.

वाऱ्याकडे तोंड करा, थ्रॉटल तीन चतुर्थांशापेक्षा जास्त द्या आणि विमान आडवंच, ठामपणे पुढे सोडा. वर फेकलेलं विमान वेग न घेता नाक उचलतं आणि तिथेच कोसळतं. पहिली काही सेकंदं सरळ चढू द्या. ३० मीटर उंची मिळाली की थ्रॉटल अर्ध्यावर आणा आणि ट्रिमची बटणं एकेक टिचकीनं दाबत ते हात न लावता सरळ जाईपर्यंत जुळवा. वळताना थोडं कलवा, स्टिक मध्यावर आणा, एलेव्हेटर किंचित ओढा. विमान नेहमी वारा येतो त्या बाजूला ठेवा, म्हणजे मोटर बंद पडली तरी ते तुमच्याकडेच येईल.

समोरून आपल्याकडे येणारं विमान सगळ्यांना गोंधळवतं, कारण डावं-उजवं उलटं होतं. त्यावर एक उपाय हमखास चालतो: जो पंख खाली झुकलाय त्याच बाजूला स्टिक न्या, जणू त्याला खालून टेकू देताय.

वाऱ्याबरोबर जाणारं विमान जमिनीवरून भरधाव दिसतं. ते पाहून नवा चालक थ्रॉटल कमी करतो आणि एलेव्हेटर ओढतो. खरं तर पंखांवरून वाहणारी हवा तेवढीच असते. ती कमी झाली की एक पंख गळतो आणि विमान गिरकी घेत खाली येतं. हे पुरेशा उंचीवर मुद्दाम करून पाहा: थ्रॉटल शून्य करा, एलेव्हेटर ओढत राहा, नाक पडतं ते ओळखा. मग एलेव्हेटर सोडा, थ्रॉटल द्या, पंख सरळ करा.

बॅटरी १० अँपिअर सरासरीनं दहा मिनिटं पुरेल असा हिशेब निघाला, तरी सुरुवातीला टायमर सहा मिनिटांचा लावा. उतरताना वाऱ्याकडे तोंड, लांबून सरळ येणं, उंची थ्रॉटलनं सांभाळणं. जमिनीपासून अर्धा मीटर राहिला की थ्रॉटल शून्य आणि एलेव्हेटर अगदी थोडा. उतरण्याची जागा चुकली तर विमान पायाशी आणायचा हट्ट धरू नका. शंभर पावलं चालत जाऊन उचलून आणा.

आपटणारच असं दिसलं की आधी थ्रॉटल शून्य करा, नाहीतर अडकलेला प्रॉप मोटर आणि ईएससी दोन्ही जाळतो. उचलल्यावर पहिल्यांदा बॅटरी काढा. तिला पोचा पडला असेल तर ती घरापासून दूर उघड्यावर ठेवा. फोमला फोम-सेफ सायनो (फोम न विरघळवणारा झटपट गोंद) चालतो. नंतर प्रत्येक सर्वो हळू फिरवून बघा. कुठे खरखर किंवा झटका जाणवला तर दात तुटलेत, तो सर्वो बदला. मोटर तिरकी झाली असेल तर आधी ती सरळ करा, मगच ट्रिमला हात लावा.